थिसिसच्या इंग्लिशमध्ये 'पोलाइट' म्हणजे नक्की काय??

साका_संशोधक (दापोली)
एमएस्सीचा थिसिस लिहितेय, विषय हापूसमधला साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष). गाईडनी चॅप्टर परत दिला. जिथे जिथे मी 'रिस्पेक्टेड डॉक्टर अमुक सर' लिहिलेलं ते सगळं खोडून नुसतं आडनाव आणि साल ठेवलंय, आणि 'धिस प्रूव्ह्ज दॅट जमिनीच्या उष्णतेमुळेच साका होतो' याखाली लाल रेघ, समासात 'बी पोलाइट'. म्हणजे मोठ्या माणसाला सर म्हणायचं नाही पण आंब्याशी मात्र अदबीने बोलायचं का?

देवरुखकर
हाहा, आंब्याशी नाही, वाचणाऱ्याशी. मी इंग्लिश शिकवायचो. आपला मान क्रियापदातच असतो बघ, 'सर म्हणाले', 'आपण बसा', पण इंग्लिशमध्ये लहानथोर सगळे 'यू' त्यामुळे आपल्याला ते उघडंबोडकं वाटतं आणि आपण सर, काइंडली, हंबली चिकटवत बसतो. पेपरात नम्रपणा दाव्यात दाखवायचा, म्हणजे पुढच्याला 'मला नाही पटत' म्हणायला जागा ठेवायची. भाषेचा अभ्यासक ग्रेग मायर्सने 1989 मध्ये शास्त्रीय लेखांतल्या पोलाइटनेसवरच लिहिलंय. वॉटसन-क्रिकचा 1953 चा पेपर उघड, डीएनएची रचना मांडतायत आणि सुरुवात काय, 'वुई विश टू सजेस्ट'! तू एका हंगामाची फळं कापून 'प्रूव्ह्ज' म्हणतेस 😄

गडगेवाला (कुडाळ)
पटलं, पण अती नको हां. दावा मऊ करणाऱ्या अशा शब्दांना ते हेज म्हणतात, हेज म्हणजे कुंपण, आपला गडगा. एका वाक्यात 'मे', 'पॉसिबली', 'सीम्स' असे तीन गडगे घातलेस तर बागेत शिरायचं खंयसून? आमच्या एका पोराने मेथडमध्ये 'द फ्रूट्स मे हॅव बीन कट' लिहिलेलं. अरे मेल्या, तूच कापलीस ना!

साका_संशोधक (दापोली)
😂😂 आता 'अवर ऑब्झर्व्हेशन्स सजेस्ट दॅट सॉइल हीट मे कॉन्ट्रिब्यूट' केलंय. 'उष्णतेमुळेच' मधला 'च' पण गेला. आणि जुन्या एका पेपराला 'राँग' म्हटलेलं ते 'आमच्या बागेत तसं दिसलं नाही' असं केलं, खरं तर तेवढंच खरं आहे. अ‍ॅक्नॉलेजमेंटमध्ये तरी सर ठेवू ना?

देवरुखकर
तिथे ठेव गं, तिथे कोण नाही खोडत. आणि ज्यांच्या बागेतली फळं कापलीस त्या काकांचं नाव विसरू नको.