फोनचा कॅमेरा फोटो काढतो की गिलावा मारतो?

केळीबाग_रावेर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. धागा वादासाठीच काढतोय, तेव्हा कोणी सांभाळून घेऊ नका.

माझं म्हणणं असं की आजकालचे फोन फोटो काढतात आणि लगेच त्यावर थापी फिरवून गिलावा मारतात. खोक्यावर लिहिलेलं असतं ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल. फोटो जरा मोठा करून बघा. गवताची पाती एकमेकांत मिसळलेली, डोक्याचे केस चिकटलेले, लुगड्याची वीण गायब.

घरचंच उदाहरण देतो. केळीवर करपा येतो तेव्हा आधी पानावर फिकट पिवळसर रेघा उमटतात. जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, शिरांना समांतर. त्याच वेळी रोगट भाग कापून बागेबाहेर काढला आणि फवारणी घेतली तर करपा आटोक्यात राहतो. रेघांचे तपकिरी डाग झाले, मधला भाग राखाडी पडून वाळला, की मग नुसतं बघत बसायचं. तर त्या पहिल्या रेघांचा फोटो मी सल्ला देणाऱ्या साहेबांना पाठवला. उत्तर आलं, "पान चांगलं आहे, खताचा डोस चालू ठेवा." मी फोटो उघडून पाहिला, तर फोटोतलं पान खरंच चांगलं! मधला दांडा धारदार, कडा कोरून काढल्यासारख्या, आणि रेघा नाहीत. हातातल्या पानावर आहेत, फोटोत नाहीत.

दुसरा किस्सा आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा, रोटांच्या वेळचा. पुतण्याने आजीचा फोटो काढला. आजीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदलेले आहेत, लग्नाच्या आधीचे. फोटोत हनुवटी कोरी. आजीने फोन लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "हाई कोन शे रे?" (ही कोण आहे रे?)

मागणी एवढीच आहे. हे सगळं बंद करायचं एक बटण द्या.

तापीकाठ

+१. बाकी आजीचा प्रश्न कंपन्यांच्या मुख्य कार्यालयात फ्रेम करून लावायला हवा.

पिक्सेलपुराण

मूळचा भुसावळचा, सध्या पुण्यात, काम इमेज प्रोसेसिंगचंच. त्यामुळे पूर्ण असहमत, आणि जरा सविस्तर.

फोनमधला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, स्वस्त फोनमध्ये त्याहून लहान. त्यावर पाच कोटी पिक्सेल बसवले की एकेका पिक्सेलची रुंदी एक मायक्रॉनच्याही खाली जाते. एवढ्याशा जागेत प्रकाश पडणार किती? कमी प्रकाश म्हणजे नॉईज, म्हणजे सगळ्या फोटोभर रंगीत रवाळपणा. तुम्हाला गिलावा नको आहे, पण गिलाव्याखाली जे आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही. प्रक्रिया न केलेला फोटो पाहिलात तर फोन दुकानदाराच्या तोंडावर मारून याल.

आणि 'प्रक्रिया नसलेला खरा फोटो' असं काही नसतंच. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. रंगीत गाळण्यांची ही जाळी कोडॅक कंपनीच्या बायर नावाच्या संशोधकाने काढली, पेटंट १९७६ चं. म्हणजे कोणत्याही डिजिटल फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती मुळातच गणिताने भरलेली असते. तुमच्या ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये तर चार-चार पिक्सेल एकाच रंगाच्या गाळणीखाली असतात. ते एकत्र करून फोन साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. त्यात फसवणूक नाही, उलट त्यामुळेच फोटो उजळ येतो.

शिवाय आता एक फोटो कुणीच काढत नाही. बटण दाबलं की फोन पाच-दहा फ्रेम घेतो, एकावर एक बसवतो आणि सरासरी काढतो. सरासरीत नॉईज मरतो, तपशील राहतो. गूगलने ही पद्धत २०१४ च्या सुमारास नेक्सस फोनमध्ये रुजवली. रात्री गल्लीतल्या एका बल्बवर आज जो फोटो निघतो तो तिचीच पुण्याई. केळीचं पान मात्र वाऱ्याने हलतं. फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत, फोन त्या टाकून देतो, हाताशी एखादीच उरते. तिच्यात नॉईज जास्त, म्हणून तिथे पुसणंही जास्त. तेव्हा दोष वाऱ्याला द्या.

धुळे_स्टुडिओ

पिक्सेलपुराण यांच्याशी सहमत, पण माझं कारण धंद्याचं आहे.

आमच्या वडिलांपासून स्टुडिओ आहे. गुळगुळीतपणा काही फोनने आणलेला नाही. वडील निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने रिटचिंग करायचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, देवीचे व्रण, पुटकुळ्या सगळं भरून काढायचे. स्थळासाठीचा फोटो रिटचिंगशिवाय बाहेर जातच नसे. आजही लग्नाचा अल्बम दाखवला की नवरीची मावशी पहिलं वाक्य बोलते, "चेहरा जरा साफ करा ना भाऊ." वीण दिसत नाही म्हणून अल्बम परत केलेला गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. लोकांना जे हवंय तेच फोन देतोय.

केळीबाग_रावेर

@पिक्सेलपुराण, दोष वाऱ्याला? तुम्ही भुसावळ सोडल्याला बरीच वर्षं झालेली दिसतात. पान मी तोडून ओट्यावर ठेवलं होतं. सकाळची वेळ, ओट्यावर सावली, वारा नाही.

आता एक गंमत करून बघा. फोटो काढल्या काढल्या गॅलरीत उघडा. क्षणभर रेघा दिसतात. मग ती चकती फिरते, आणि चकती थांबली की रेघा गेलेल्या असतात. म्हणजे माल आला होता, गाळून टाकला.

@धुळे_स्टुडिओ काका, वडिलांनी गिऱ्हाइकाला विचारून पेन्सिल फिरवली. मला कोणी विचारलं?

सातपुड्याची_लेक

इथे सगळे दादा-काकाच बोलताहेत म्हणून लिहिते. मला गुळगुळीत फोटो आवडतो. उन्हातान्हात एस.टी.ने शहाद्याला नोकरीला ये-जा करते. संध्याकाळी मैत्रिणींबरोबरच्या फोटोत चेहरा थकलेला दिसू नये असं मला वाटलं तर त्यात कुणाची फसवणूक झाली?

माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. फोन सुरकुत्या घालवतो तसा रंगही बदलतो. मी सावळी आहे. तोरणमाळला काढलेल्या फोटोत मी गोरी आणि शेजारची मैत्रीण पांढरीफटक. चेहरा दिसला की फोन तो उजळवतोच, न मागता. कातडीचा रंग आहे तसा यावा म्हणून गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर 'रिअल टोन' नावाचं काम पुढे आणलं. म्हणजे इतकी वर्षं काहीतरी बिघडलेलं होतं हे त्यांनाही मान्य असणार. सुरकुती घालवायची की नाही ते मी ठरवीन, पण रंगाला हात लावायचा नाही.

तापीकाठ

चंद्राची गोष्ट कशी कुणी काढली नाही? मार्च २०२३. एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतला दिवा बंद केला आणि लांबून सॅमसंगच्या महागड्या फोनने झूम करून टिपला. फोनने दिला काय, तर खड्ड्यांसकट कातीव चंद्र! जे खड्डे समोर नव्हतेच ते फोटोत आले. दृश्य चंद्राचं आहे हे ओळखून एआय तपशील वाढवतो, असं मग कंपनीनेच समजावून सांगितलं.

म्हणजे आजीचे असलेले ठिपके घालवायचे आणि चंद्राला नसलेले खड्डे द्यायचे.

पिक्सेलपुराण

चंद्राचं समर्थन मी करणार नाही. आयफोन एक्सएसचं २०१८ चं प्रकरणही कोणी काढायच्या आत मीच काढतो. सेल्फीत चेहरे गुळगुळीत येतात म्हणून गदारोळ झाला, सगळ्यांना वाटलं चोरून ब्युटी फिल्टर घातलाय. निघालं वेगळंच. रचायच्या फ्रेमांपैकी आधाराला सर्वांत धारदार फ्रेम घेतली जात नव्हती. आयफोनच्या आयओएस १२.१ या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. प्रत्येक गुळगुळीतपणामागे कट नसतो, एवढंच सांगायचंय.

रेघांबद्दल. पहिल्या क्षणी दिसतो तो घाईघाईचा नमुना असतो. त्यातला नॉईज डोळ्याला तपशील वाटू शकतो.

केळीबाग_रावेर

नॉईज शिरांना समांतर येतो का हो?

पिक्सेलपुराण

नाही येत. हा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या बाजूचंच निघतं, म्हणून नीट लिहितो.

नॉईज आणि तपशील यांत फरक करायला फोनकडे मुख्य खूण एकच, ती म्हणजे शेजारच्या पिक्सेलपेक्षा वेगळेपणा किती. ठळक फरक दिसला की ती कड, ठेवा. पुसट फरक दिसला की तो नॉईज, पुसा. पानाचा मधला दांडा ठळक, म्हणून टिकतो, वर शार्पनिंगने आणखी कोरला जातो. तुमची रेघ म्हणजे हिरव्यावर फिकट पिवळसर. उजळपणात फरक नगण्य, आहे तो रंगात. आणि रंगातला नॉईज पुसताना सगळे फोन हात सैल सोडतात, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातले बारकावे उजळपणाइतके कळत नाहीत. भरीस भर, फोटो जेपेग फाईल म्हणून दाबून साठवताना रंगाची माहिती बहुधा आडवी-उभी अर्ध्यावर आणली जाते. म्हणजे करप्याची पहिली रेघ या साखळीत प्रत्येक पायरीवर मार खाते. आणि फोटो एकूण धारदार दिसत असल्यामुळे पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

तरीही 'सगळं बंद करा' या मागणीला माझा विरोध कायम. दहातल्या नऊ जणांकडून ते बटण चुकून दाबलं जाईल आणि मग तक्रारींचा पूर येईल.

अमळनेरी

दहातल्या नऊ जणांसाठी कॅमेरा बनवता, मग जाहिरातीत सूक्ष्म तपशिलाच्या बाता कशाला? २ मेगापिक्सेलची मॅक्रो (अगदी जवळून टिपायची) लेन्स मागे चिकटवून 'चार कॅमेरे' म्हणून विकणारेही हेच.

अजून एक. नुकसान झालं की पीक विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवायचं असतं आणि शेतातून फोटो काढायचे असतात. गारपिटीने फाटलेलं पान फोटोत नीट दिसतं, ते ठळक आहे. पण फळावरचे बारीक टोचे? ते पुसले गेले तर शेतकऱ्याने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

धुळे_स्टुडिओ

पुरावा आणि सजावट यांत गल्लत नको. आपल्या चाळीसगावचे केकी मूस घ्या. टेबलावर घरातल्या किरकोळ वस्तू मांडून, प्रकाश खेळवून ते असे देखावे टिपायचे की बघणारा शपथेवर सांगेल, हा खराखुरा डोंगर आहे. त्यांच्या राहत्या घरी संग्रहालय आहे, पाहून या. फोटो खोटं बोलतो म्हणून मूस यांना कोणी नावं ठेवली नाहीत.

तापीकाठ

काका, मूस स्वतःच त्याला टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणायचे. फोन म्हणतो, 'हे तुमचं केळीचं पान.'

सातपुड्याची_लेक

तापीकाठ यांना +१००. काका, आता नवरीच्या मावशीला मधे आणू नका!

नंदुरबार_एक्स्प्रेस

वाद बाजूला. धागाकर्त्याच्या कामाचं लिहितो. मी कृषी पदवीधर आहे, दिवसभर असलेच फोटो बघतो.

आधी लेन्स पुसा. निम्मे धूसर फोटो बोटाच्या तेलाचे असतात. ब्युटी आणि एआय दोन्ही बंद करा. सेल्फीचं ब्युटी बंद केलं तरी मागच्या कॅमेऱ्याचं वेगळं चालू राहू शकतं. झूम करू नका, फोन जवळ न्या, पण फोकस बसेल इतकाच. पान सावलीत ठेवू नका. तुमच्या ओट्यावरची सावलीच तुम्हाला नडली. प्रकाश कमी की पुसणं जास्त, हे वर आलंच आहे. पान आकाशाकडे धरून मागून उजेड येऊ द्या, रेघा आरपार उठून दिसतात आणि मग फोनलाही त्या 'ठळक' वाटतात. भरपूर उजेडात पूर्ण ५० मेगापिक्सेलचा मोडही वापरून बघा.

प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे सेन्सरकडून आलेली कच्ची फाईल, मिळत असेल तर ते बहुतेक पुसणं टळतं. अँड्रॉइडमध्ये रॉची सोय २०१४ च्या लॉलिपॉपपासून आहे, फक्त प्रत्येक कंपनी ती देतेच असं नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पाठवणीत फोटो लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो. एचडीचा पर्याय २०२३ मध्ये आला, तोही मूळ फाईल जशीच्या तशी पाठवत नाही.

केळीबाग_रावेर

लेन्स, ब्युटी, एआय हे सगळं आधीच करून झालंय. रॉही काढला, रेघा आल्या, बरोबर रवाळपणाही आला, तो मला चालतो. पण फाईल पंचवीस एमबीच्या आसपास, मळ्यात रेंज एक काडी, आणि पलीकडे साहेबांच्या फोनवर ती उघडेना. आकाशाकडे धरायची युक्ती मात्र आजच करतो, ती कोणी सांगितली नव्हती.

@पिक्सेलपुराण, बटण पाहिजेच. सेटिंगमध्ये सात दारांआड लपवा, चुकून दाबलं जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा, पण ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये आयफोनच्या हॅलाइड या अ‍ॅपने 'प्रोसेस झीरो' दिलं. एकच फ्रेम, एआय नाही. म्हणजे देता येतं. आमच्या बारा हजारांच्या फोनलाच नाही म्हणायचं कारण काय?

पिक्सेलपुराण

कारण बारा हजारांच्या फोनचा सेन्सर. त्या एकाच फ्रेममध्ये तुमच्या आजी रवाळ येतील.

केळीबाग_रावेर

येऊ द्या. ठिपके तर येतील.

अमळनेरी

@नंदुरबार_एक्स्प्रेस, आकाशाकडे धरताना ऊन थेट लेन्समध्ये आलं तर? आणि सीएमव्हीच्या (केळीवरच्या विषाणू रोगाच्या) पट्ट्यांनाही हीच युक्ती चालते का?

नंदुरबार_एक्स्प्रेस

सूर्य आपल्या पाठीमागे ठेवा आणि पान नुसत्या मोकळ्या आकाशासमोर धरा. सीएमव्हीचे पट्टे जास्त रुंद असतात, ते साध्या फोटोतही बहुतेकदा येतात. पण नवीन पोंग्याचा, म्हणजे कोवळ्या पानाचा, फोटो काढायचा, जुन्या पानाचा नाही.