मदत हवी आहे : मतदार कार्ड हातात आहे पण नगरपरिषदेच्या मतदार यादीत नाव नव्हतं, आणि बायकोचं दोनदा!

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

आम्ही दोन वर्षांपूर्वी पुणं सोडून तालुक्याच्या गावी परत आलो, इथे नगरपरिषद आहे. माझं नाव पुण्याच्याच यादीत होतं आणि विधानसभेला मी चक्क एसटीने जाऊन मत देऊन आलो, मग म्हटलं आता हे बदलूनच टाकू. पण कंटाळा करत करत ऑगस्ट २०२५ उजाडला. ऑनलाइन फॉर्म ८ (पत्ता बदलायचा) भरला, बीएलओ बाई (आमच्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या) घरी येऊन लाइट बिल बघून गेल्या, सप्टेंबरमध्ये नाव आलं आणि नंतर पोस्टाने कार्डही आलं, नंबर जुनाच. २ डिसेंबरला नगरपरिषदेचं मतदान होतं म्हणून सकाळी साडेसातलाच आईला घेऊन शाळेत गेलो. आईचं नाव लगेच सापडलं. माझं काही केल्या सापडेना. टेबलावरच्या माणसाने आमच्या आडनावाची पानं बोटाने वरून खाली दोनदा बघितली, मी मोबाइलवर आयोगाच्या साइटवर माझं नाव काढून दाखवलं, तर म्हणाला "साहेब ती यादी वेगळी, ही वेगळी". वेगळी म्हणजे काय ते काही त्याला सांगता आलं नाही. आई मात्र दिवसभर, तू अध्यक्षाला मत दिलंस का म्हणून विचारत होती.

बायकोची गंमत तर अजून निराळी. तिचं माहेर याच गावातलं, तिकडे प्रभाग ३ मध्ये लग्नाआधीपासून नाव आहे (तिने नाव-आडनाव बदललेलं नाही). इथे आल्यावर एका सेवा केंद्रात विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला नवीनच भरा, लवकर होतं, आणि त्याने फॉर्म ६ भरून दिला. झालं, आता ती प्रभाग ७ मध्येही आहे. यादीत तिच्या नावापुढे दोन चांदण्या होत्या (नाव दोनदा असल्याची खूण) आणि दुसरीकडे मत दिलं नाही, देणार नाही असं लिहून घेतल्यावरच तिला मत देता आलं. तेव्हापासून ती मला रोज विचारते की पोलीस येणार का.

तर प्रश्न असे की माझं नाव नक्की कुठे अडकलं होतं, बायकोचं एक नाव काढायचं कसं, आणि मुलगी या जूनमध्ये १८ची होतेय, हॉस्टेलला असते, तिचं नाव इथे लागेल का का तिकडेच लावावं लागेल?

प्रतिसाद १
तुमचं नाव कुठेच अडकलं नव्हतं, उशिरा आलं एवढंच. लोकसभा-विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची. नगरपरिषद, झेडपी, महापालिका या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग, पण त्यांची स्वतःची वेगळी नोंदणी नसते. ते एक तारीख ठरवतात, त्या दिवशीची विधानसभेची यादी उचलतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. तुम्ही ऑगस्टमध्ये फॉर्म भरलात. नंतर कुणाच्या पाया पडलात तरी ते नाव घालू शकत नाहीत. ऑक्टोबरमध्ये जी प्रारूप यादी लागते ना, त्यावर हरकत घ्यायची ती मुख्यतः चुकीच्या प्रभागात नाव गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं, असल्या गोष्टींसाठी.

आणि एक, कार्ड ही फक्त ओळख आहे. यादीत नाव नसेल तर कार्ड असून मत नाही, आणि नाव असेल तर कार्ड नसलं तरी आधार, पॅन, लायसन्स, फोटोवालं पासबुक यातलं काहीही चालतं. लोक नेमकं उलटं समजतात.

प्रतिसाद २
वहिनींना सांगा पोलीस वगैरे काही येत नाहीत, पण विषय टोलवू नका. फॉर्म ६ हा फक्त पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांसाठी, त्यात खाली "माझं नाव इतर कुठे नाही" अशी घोषणा असते आणि खोटी घोषणा केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असं १९५० च्या कायद्यात कलम ३१ मध्ये आहे. सेवा केंद्रातली पोरं ती ओळ वाचून दाखवत नाहीत, टिक मारून मोकळी होतात. पत्ता बदलायचा असला, अगदी दुसऱ्या मतदारसंघातून यायचं असलं तरी फॉर्म ८ च.

आता झालंय तर माहेरच्या नोंदीसाठी फॉर्म ७ भरा, स्वतःचं नाव कमी करण्यासाठी स्वतःलाच भरता येतो. कोणता कार्ड नंबर कोणत्या पत्त्याचा ते तीनदा तपासा! माझ्या मेव्हण्याने घाईत नवीन नोंदीचाच नंबर टाकला आणि राहत्या घरचं नाव उडालं, मग परत सगळं पहिल्यापासून.

प्रतिसाद ३
मुलीचं सोपं आहे. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. जूनमध्ये १८ पूर्ण म्हणजे ती १ जुलैत बसते, आणि १७ पूर्ण असतील तर अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. हॉस्टेलचा पत्ता किंवा घरचा, दोन्हीपैकी एक, ती ठरवेल ते. मी म्हणेन घरचा द्या, हॉस्टेल दरवर्षी बदलतं. तिच्यासाठी मात्र फॉर्म ६ च हां, इथे तो बरोबर आहे.

धागाकर्ता
सगळ्यांचे खूप आभार. १ जुलैचं आत्ता डोक्यात शिरलं, म्हणजे माझाच आळस, उगाच त्या टेबलवाल्यावर आवाज चढवला मी. फॉर्म ७ बायकोने स्वतः बसून भरला, मला हात लावू दिला नाही, दोन्ही कार्डं शेजारी ठेवून आकडा न् आकडा मोठ्याने वाचत होती. बीएलओ बाईंनाही फोन केला, त्या म्हणाल्या माहेरच्या भागाचे बीएलओ वेगळे आहेत, ते येऊन बघून जातील, तेव्हा घरी कुणीतरी असू द्या.

मुलीचा फॉर्म तेवढा राहिलाय, फोटोसाठी. पांढऱ्या बॅकग्राउंडचा एक पाठव म्हटलं तर अकरा पाठवले, त्यातल्या नवांत जीभ बाहेर आहे.