मदत हवी आहे: बार्लीच्या शेतात दिसणारी वर्तुळं म्हणजे जुनी घरं, थडगी की आणखी काही?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो. पुरातत्त्वाचं शिक्षण नाही, नाद मात्र आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात इथे पावसाने चांगलीच ओढ दिली होती. त्या वेळची उपग्रहचित्रं गुगल अर्थवर मागे जाऊन बघत होतो, तर टेम्सच्या काठच्या एका बार्लीच्या शेतात गडद हिरव्या रेघा दिसल्या. (शेत खाजगी आहे, म्हणून जागा सांगत नाही.)

एक मोठा चौकोन आहे, कोपरे गोलसर. त्याच्या आत चार-पाच वर्तुळं, मोजपट्टी लावली तर प्रत्येकी साधारण १० ते १२ मीटर. दोन वर्तुळं पूर्वेकडे तुटलेली आहेत. चौकोनाबाहेर एकच मोठं, जाड रेघेचं वर्तुळ आहे, अंदाजे २५ मीटरचं, आणि ते कुठेही तुटलेलं नाही. शेताच्या उत्तर टोकाला वेड्यावाकड्या रेघांचं जाळं पसरलंय. इतर वर्षांच्या चित्रांत यातलं काहीही दिसत नाही.

तत्त्व समजतं: बुजलेल्या चरात माती खोल असते, ओल टिकते, म्हणून वरचं पीक उंच वाढतं आणि उशिरा पिवळं पडतं. पुरलेल्या भिंतीवर याच्या उलट, पीक खुजं राहतं. पण नुसत्या आकारावरून वस्ती कशी ओळखायची? आणि कळवायचं कोणाला?

प्रतिसाद:
वर्णनावरून आतली छोटी वर्तुळं लोहयुगातल्या गोल घरांची वाटतात. गवताने शाकारलेलं उतरतं छप्पर, त्याच्या पागोळ्यांचं पाणी वाहून जायला घराभोवती बारीक चर. दार बहुधा पूर्वेला किंवा आग्नेयेला, तिथे चर तुटतो. तुमच्या दोन वर्तुळांत नेमकं तेच आहे, म्हणून मला ती सगळ्यात बोलकी वाटतात. बाहेरचं जाड, अखंड वर्तुळ बहुधा कांस्ययुगातल्या दफनाच्या उंचवट्याभोवतीचा खंदक. वरची माती नांगरटीने सपाट झाली, खंदक खाली राहिला. म्हणजे दोन्ही एकाच काळातली असतीलच असं नाही, मध्ये हजार वर्षंही गेली असतील. एका चित्रात सगळे काळ एकावर एक दिसतात, इथेच नवखे फसतात.

प्रतिसाद:
उत्तरेचं जाळं सोडून द्या. हिमयुगात जमीन गोठून तडे गेले, त्यात बारीक माती भरली, तिथेही पीक हिरवं राहतं. निसर्गाचं काम, माणसाचं नाही. माशाच्या काट्यासारख्या समांतर रेघा दिसल्या तर त्या पाण्याचा निचरा करणाऱ्या नळांच्या असतात. ट्रॅक्टरच्या जोडरेघा तर सगळीकडेच असतात.

इतर वर्षी काही दिसत नाही याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. रेती-गोट्यांची जमीन, धान्याचं पीक आणि ऐन वाढीच्या वेळी पाण्याचा ताण, हे तिन्ही जमायला लागतं. त्याच २०१८ च्या जुलैत आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज या नवाश्मयुगीन थडग्याजवळ ड्रोन उडवणाऱ्या दोघांना एक अख्खं प्राचीन वर्तुळ असंच सापडलं होतं.

धागाकर्ता:
खूप आभार! आणखी एक शंका. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी, इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या ठिकाणी, असं दिसेल का?

प्रतिसाद:
काळ्या कसदार जमिनीत अवघड. ती माती स्वतःच इतकी ओल धरते की चरातलं आणि बाहेरचं पीक यात फारसा फरक पडत नाही. शिवाय बागायत असेल तर ताण बसतच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या काळ्या रानात पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा, फिकट डाग बघावा. राख, विटा-मातीच्या भिंती, शेण, खापरं यांनी जमिनीचा रंगच बदललेला असतो. त्यासाठी पीक नको, मोकळं रान हवं. पिकांच्या खुणांचा उत्तम नमुना बघायचा तर दक्षिण इटलीतलं ताव्होलिएरेचं मैदान बघा. दुसऱ्या महायुद्धात काढलेल्या हवाई छायाचित्रांत जॉन ब्रॅडफर्डला तिथे नवाश्मयुगीन खेडीच्या खेडी सापडली: बाहेर मोठे खंदक, आत घरांच्या आवाराभोवती अर्धवट उघडे छोटे चर.

प्रतिसाद:
कळवण्याबद्दल: आधी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचा हवाई पुरातत्त्वाचा ऑनलाइन नकाशा उघडा, तो फुकट आहे. तिथे हे आकार आधीच आखलेले असू शकतात. टेम्सच्या खोऱ्यात विमानातून छायाचित्रं काढणं १९२०-३०च्या दशकांपासून चालू आहे. नसतील, तर काउंटीच्या पुरातत्त्व नोंदवहीला ईमेल करा. चित्राची तारीख, अक्षांश-रेखांश, त्या वेळचं पीक आणि मापं द्या. स्वतः लावलेला अर्थ वेगळ्या परिच्छेदात लिहा, त्यांना आधी नुसतं दिसलेलं हवं असतं. आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतात शिरू नका. मालकाची परवानगी लागतेच, पण जागा संरक्षित यादीत असेल तर १९७९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे.