सॉफ्ट मशीनचं 'थर्ड': खरंच भारी की नुसती पेशन्सची परीक्षा?

केशरीकॅसेट: ब्रिटिश बँड सॉफ्ट मशीनचा १९७० चा डबल एलपी, चार बाजू आणि ट्रॅकही चारच, एकेक १८-१९ मिनिटांचा. रॉक आणि जॅझची सोयरीक पुढे बऱ्याच जणांनी केली पण याच्या तोडीचं मला तरी काही सापडलं नाही. कीबोर्डवाल्या रॅटलेजचा ऑर्गन फझमधून (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) असा किंचाळतो की नवीन माणसाला गिटारच वाटते, आणि अख्ख्या अल्बमात गिटार नाहीये!! बोला आता.

तिरकस: बोलतो की. पहिल्याच ट्रॅकची, 'फेसलिफ्ट'ची, पहिली काही मिनिटं नुसता ऑर्गनचा गोंगाट, रिफ (परत परत वाजणारी छोटी धून) येईपर्यंत माणूस चहा करून येतो. त्यात लाइव्ह टेपा कापून जोडल्यात, सांधे सरळ ऐकू येतात, साउंड गढूळ. एवढंच जॅझ ऐकायचं तर कोल्ट्रेन ऐकेन ना, हे अर्धवट कशाला?

केशरीकॅसेट: अरे तो गोंगाटच तर आलाप आहे, म्हणून बेसवाल्या हॉपरची ती रिफ आली की अंगावर येते. आणि शेवटी टेप उलटी फिरवलीय ती काय चुकून?

मधलीओळ: दोघंही 'मून इन जून' विसरलात. पूर्ण अल्बमात गाणं म्हणावं असं तेवढंच. ड्रमर-गायक व्हायटने पहिल्या भागात बहुतेक सगळं एकट्यानेच वाजवलंय, कारण बाकीच्यांना गाण्याबिण्यात रस उरला नव्हता. आदल्या वर्षी बीबीसीच्या सेशनला त्याने याचेच शब्द बदलून तिथल्या कॉरिडॉरमधल्या चहाच्या मशिनचं कौतुक गायलंय, हा मिश्किलपणा बाकी तीन बाजूंत कुठाय? १९७१ मध्ये तो बाहेर पडला आणि माझ्या मते बँडचा जीवच गेला.

तिरकस: +१. मला तेवढी एकच बाजू द्या, बाकी ठेवा तुम्हाला.

केशरीकॅसेट: गाणं लाडकं म्हणून बाकीचं टाकाऊ होत नाही हो. 'आउट-ब्लडी-रेजस' ऐक, सुरुवातीला टेप लूप (गोल गोल फिरणारे टेपचे तुकडे) एकावर एक चढत जातात, सरळ अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचा प्रभाव, मग बँडमधल्या डीनचा सॅक्स घुसतो. स्पीकरवर लाव, मोबाइलवर नको.

तिरकस: ऐकलं. लूप मस्त आहेत, मान्य. सोलो लांबलाय, तेही मान्य कर.

केशरीकॅसेट: नाही करणार.