मदत हवी आहे: भाऊ केंद्रातून घरी येतोय, काय तयारी ठेवू? (नागपूर)

धाकटा भाऊ, वय २६. आधी गर्द (ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) ओढायचा, मग सुईवर गेला. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून रविवारी घरी येतोय. आई पुरणपोळीच्या तयारीला लागली आहे आणि माझी झोप उडाली आहे. त्याच्या सोबतीचा इतवारीतला एक पोरगा केंद्रातून सुटून पंधरा दिवस झाले नव्हते, तर गेला. मित्राच्या खोलीवर, एकटाच. घरच्यांनी हार्ट अटॅक सांगितलं.

"परत घेऊच देऊ नका" हे कृपया लिहू नका. घेतलंच तर तो जिवंत कसा राहील, एवढंच विचारतोय.

आतेबहीण व्हँकुव्हरला असते. तिकडे विकत मिळणाऱ्या मालात फेंटानिल (हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल) येऊ लागलं आणि इतकी माणसं गेली की ब्रिटिश कोलंबियाने एप्रिल २०१६ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर केली. आता नॅलोक्सोनचं (अशा नशेत थांबत आलेला श्वास परत आणणारं औषध) किट फुकट मिळतं, हिच्या पर्समध्येही असतं. मी धरमपेठ ते सक्करदरा पाच मेडिकल स्टोअर पालथे घातले. एकाने नाव ऐकून मलाच खालीवर न्याहाळलं. दुसऱ्याने जिभेखाली ठेवायची गोळी दाखवली, "ह्यात आहे ना नॅलोक्सोन." चालेल का ती? आणि १०८ ला फोन केला तर मागोमाग पोलीस येतात का?

कॅज्युअल्टीवाला: गोळी चालणार नाही. ती ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन, रोजच्या उपचाराची. जिभेखाली त्यातलं नॅलोक्सोन जवळजवळ शोषलंच जात नाही, कोणी विरघळवून टोचू नये म्हणून ते घातलेलं असतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर काहीच घालायचं नाही. तातडीसाठी लागतं ते इंजेक्शन, चिठ्ठीवर मिळणारं.

पण त्या गोळीला नावं ठेवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतली तर मृत्यूचा धोका बराच कमी होतो. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा एम्सच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा आणि गोळी व इंजेक्शन दोन्हींबद्दल विचारा.

तो इतवारीचा मुलगा का गेला असेल, तर तीन महिन्यांत शरीराची सवय उतरते, हात मात्र जुनंच माप घेतो. पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट.

वर्धमाननगरकर: असल्यांचे इतके लाड करता, मग सुधारतील कसे?

नऊवर्षंकोरडा: काका, मेलेला माणूस सुधारत नाही. असो.

भाऊ, मी स्वतः त्यातून गेलोय. पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच माणसाकडची कालची पुडी आणि आजची सारखी नसते. आम्ही जिभेवर ठेवून "माल ओळखतो" म्हणायचो, घंटा ओळखत होतो! त्यावर दारू किंवा झोपेची गोळी पडली की श्वास मंदावत मंदावत थांबतो. माझ्या ओळखीचे गेले ते बहुतेक आतून कडी लावलेल्या खोलीत गेले. त्याला तोंडावर सांगा, घेशील तर एकटा घेऊ नको, मला उठव, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका.

मानेवाड्याचा_दादा (धागाकर्ता): जास्त झालंय हे ओळखायचं कसं? तो तसाही घोरतो.

कॅज्युअल्टीवाला: घोरण्यात गुरगुर, घशात पाणी असल्यासारखी. ओठ-नखं निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीचं हाड मुठीने जोरात घासलं तरी उठत नाही. लिंबूपाणी, मिठाचं पाणी, थंड पाण्याची बादली, यांत वेळ घालवू नका. १०८ लावा, मान मागे करून नाक दाबा आणि दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्या. तो स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.

इंजेक्शन मिळालं आणि तो उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचाच. नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास, गर्दचा त्याहून लांबू शकतो. एमडीवर (मेफेड्रोन, वेगळ्या जातीची नशा) ते काम करत नाही, त्यात अंग तापतं, छाती धडधडते, झटके येतात. चुकून दिलं तर अपाय मात्र नाही.

पोलिसांचं खरं सांगतो. दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, जबाब होऊ शकतो. कॅनडाने २०१७ मध्ये मदतीसाठी फोन करणाऱ्याला अमली पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यातून वाचवणारा कायदा केला, आपल्याकडे तसं संरक्षण रस्ते अपघातापुरतं आहे. पण एनडीपीएसच्या (अमली पदार्थांचा कायदा) कलम ६४ए खाली, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ती जाऊ शकते, म्हणून कागद जपून ठेवा. डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा, आम्ही अंदाजावर औषध देतो तेव्हा वेळ जातो.

नऊवर्षंकोरडा: १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन, फुकट आहे. आईलाही बोलू द्या.

मानेवाड्याचा_दादा: आईला काल सांगितलं. ती बराच वेळ डाळ निवडत बसली, मग म्हणाली, "मला शिकव तो श्वास." उशीवर शिकवला. बाथरूमची आतली कडी काढून टाकली आहे. सोमवारी त्याला घेऊन मेडिकलला जातोय. इंजेक्शन घरी ठेवायला लिहून देतात का, ते इथेच कळवतो.