लग्नेश-कार्येश पाहतात म्हणून काम होतंच का?

शनिपार:
'प्रश्नकुंडली सोपी आहे. लग्नेश आणि कार्येशाची दृष्टी असली की काम झालंच समजा.' कालपासून ही पोस्ट फिरतेय आणि खाली नमस्कारांची रांग लागलीय. म्हणून सविस्तर लिहितो. (प्रश्न विचारला त्या क्षणाची ती प्रश्नकुंडली. लग्नेश म्हणजे लग्नराशीचा स्वामी, कार्येश म्हणजे विचारलेल्या कामाच्या घराचा स्वामी.)

तूळ लग्न, प्रश्न नोकरीचा. लग्नेश शुक्र तुळेत 11 अंशांवर, दशमेश चंद्र धनूत 14 वर. एकमेकांपासून तिसरी-अकरावी रास, म्हणजे ताजिक या ज्योतिषपद्धतीतली मित्रदृष्टी. मग नोकरी? नाही. चंद्र शीघ्र ग्रह, तो शुक्राच्या अंशांवरून 3 अंश पुढे गेलाय. हा ईसराफ, म्हणजे सुटलेला योग. जे बोलणं व्हायचं ते होऊन गेलं. तोच चंद्र 8 वर असता तर इत्थशाल, म्हणजे जुळत येणारा योग, आणि पाच-सहा तासांत पूर्ण. नुसत्या राशी बघणाऱ्याला दोन्ही कुंडल्या सारख्याच दिसतात.

घटिकापात्र:
अंशांवर आलात तर दीप्तांशही सांगा की, म्हणजे कुठल्या ग्रहाचा प्रभाव किती अंशांपर्यंत पोचतो ते! सूर्य 15, चंद्र 12, मंगळ 8, बुध 7, गुरू 9, शुक्र 7, शनी 9. खरी मारामारी इथेच आहे. मेष लग्न, विवाहप्रश्न; लग्नेश मंगळ, कार्येश शुक्र. शुक्र मिथुनेत 11°30', मंगळ सिंहेत 18°50'. अंतर 7°20'. शीघ्र ग्रहाचेच (शुक्राचे 7) दीप्तांश धरले तर इत्थशाल नाही, दोघांची सरासरी साडेसात धरली तर आहे. सॉफ्टवेअर काय धरतं ते कोण तपासतं? 'इत्थशाल: होय' छापून आलं की दक्षिणा घ्यायला मोकळे.

शनिपार:
सरासरीच. विल्यम लिली या इंग्रज ज्योतिषाच्या 1647 च्या ग्रंथातही दोघांची निम्मी-निम्मी तेजोमंडलं (म्हणजे दीप्तांशच) मिळवतात.

पाराशरी:
वा! आता लिलीला विचारून आपल्या मुलींची लग्नं ठरवा. आपल्या रूढ पाराशरी पद्धतीत मंगळाला चौथी-आठवी, गुरूला पाचवी-नववी, शनीला तिसरी-दहावी, सातवी सगळ्यांना. एवढ्या दृष्टी पुरत नाहीत का?

घटिकापात्र:
इत्थशाल तरी कुठला आपला? अरबी इत्तिसाल. बाकीच्या योगांचंही तेच: इन्सिराफचा ईसराफ, नक्लचं नक्त, जमअचा यमया, मनअचा मणऊ. हे सगळं शके 1509 मध्ये संस्कृत श्लोकांत बसवणारा नीलकंठ विदर्भातल्या घराण्यातला, मुहूर्तचिंतामणीकार रामाचा थोरला भाऊ. त्याला विटाळ झाला नाही, तुम्हाला होतो!

पाराशरी:
विटाळाचं तुम्ही काढलंत, मी नाही. माझं दुखणं वेगळं आहे. पाराशरीत मंगळ आठव्या घराला पाहतो, ताजिकात सहा-आठला दृष्टीच नाही. दोन-बारालाही नाही. पण लोक इत्थशाल ताजिकातून घेतात आणि दृष्टी कमी पडली की पाराशरीतून उसनी आणतात. असं केलं तर कुठल्याही प्रश्नाला 'होय' येईल.

शनिपार:
हे मात्र बरोबर बोललात, कधी नव्हे ते. दृष्टी नसेल तेव्हा नक्त शोधा. दोघांपेक्षा शीघ्र असा तिसरा ग्रह, बहुधा चंद्र, एकाचं तेज घेऊन दुसऱ्याला देतोय का ते बघा. म्हणजे मध्यस्थामार्फत काम. उसनवारीची गरज नाही.

सबलॉर्ड:
एवढा खटाटोप कशाला? आमच्या कृष्णमूर्ती पद्धतीत (केपी) जातकाकडून 1 ते 249 मधला आकडा घ्या. सप्तम घराचा सबलॉर्ड (उपनक्षत्रस्वामी) 2, 7, 11 या घरांचा कार्येश (म्हणजे सूचक) आहे का बघा. संपलं.

शनिपार:
सबलॉर्डांना कुणीतरी चहा द्या. घटिकापात्र, तुमच्याच कुंडलीत धनूत 14 अंशांवर शनी ठेवा. शुक्र रोज साधारण 72 कला (60 कला म्हणजे 1 अंश) चालतो, मंगळ 38. मंगळाला गाठायला 13 दिवस लागतील. शनीची सातवी शत्रुदृष्टी मात्र दोन-तीन दिवसांतच पूर्ण होते. झाला मणऊ, म्हणजे पापग्रहाने वाटेत मोडलेला इत्थशाल. सात की साडेसात यावर आपण भांडतोय आणि शनी आधीच आडवा! पंचांगात पुढचे पंधरा दिवस बघा, शुक्र कुठे वक्री होतोय का तेही. आधी हे, मग दीप्तांश.

घटिकापात्र:
शनी तुम्ही आत्ता घातलात, माझ्या कुंडलीत नव्हता. बरं, मणऊ आधी बघायचा, मान्य. सरासरी अजून मान्य नाही.