कासचा फोटो चोरून फ्लेक्सवर लावलाय, काय करू? (बजेट दोन हजार)

ढेबेवाडीकर: गेल्या सप्टेंबरात कासला काढलेला तेरड्याच्या गालिच्याचा माझा फोटो एका लॉजवाल्यानं फ्लेक्सवर छापलाय. पोवई नाक्याकडं जाताना दिसला. नाव कापलंय, पण डाव्या कोपऱ्यात मेहुण्याच्या छत्रीची मूठ तशीच आहे! पुढं असं होऊ नये म्हणून काय घेऊ? वॉटरमार्कचं सॉफ्टवेअर, नोंदणी की वकील? दोन हजारांच्या वर जमणार नाही.

लेन्सवाला_सांगली: फोटोशॉपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्या. मी फोटोच्या बरोब्बर मधोमध नाव टाकतो. तीन वर्षांत एक फोटो चोरीला गेला नाही.

पाटणचा_पाव्हणा: विकला तरी गेला का एखादा? वॉटरमार्क हल्ली मोबाईलवर दोन मिनिटांत पुसतात.

माहुलीकर: गालिचा जांभळा असंल तर ती सीतेची आसवं. तेरडा गुलाबी.

ढेबेवाडीकर: तेरडाच आहे ओ. विषय फोटोचा आहे.

कोर्टाची_पायरी: बटण दाबलं की कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं. पुरावा म्हणून नोंदणी करायची तर नुसत्या फोटोला ५०० रुपये फी, मालाच्या वेष्टनावर वगैरे वापरायचं चित्र असेल तर २०००. मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यातून आलेली, काही न बदललेली) जपा, फ्लेक्सचा तारीखवार फोटो काढा, मग नोटीस. १९५७ च्या कायद्याच्या कलम ६२ मुळं दावा आपल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, लॉजवाल्याच्या गावाला खेटे घालायला नकोत. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे.

भडंग_भाई: नोटिशीआधी फोटो कुणासाठी काढला ते बघा. मी मिरजेत एका लग्नात नवरीचा फोटो काढला, पार्लरवालीनं जाहिरातीत वापरला. मी तावातावानं नोटीस दिली. उत्तर आलं, मुलीच्या वडिलांनी पैसे देऊन काढून घेतलाय, त्यांनीच परवानगी दिली. कलम १७. वेगळा करार नसेल तर मालक पैसे देणारा! वकिलाचे तीन हजार गेले. आता बुकिंगच्या कागदावर एक ओळ छापून घेतलीय.

ढेबेवाडीकर: माझा फोटो हौशी आहे, कुणी पैसे दिलेले नाहीत.

लेन्सवाला_सांगली: मग नोंदणी करा, ५०० रुपये फी असते.

कोर्टाची_पायरी: वर तेच लिहिलंय.

पाटणचा_पाव्हणा: पाचशे एका फोटोचे. दोनशे फोटो असतील तर लाख रुपये! त्यापेक्षा बारीक साईझ टाका, फ्लेक्सवर ताणला की फाटतोय. मी बाराशे पिक्सेलच्या वर टाकतच नाही.

माहुलीकर: लॉजचं नाव सांगा की राव. दगडच मारू.

ढेबेवाडीकर: नाव सांगत नाही. काल समक्षच गेलो. मालक म्हणाला, गुगलवर सापडला, तुमचा आहे ठाऊक नव्हतं. छत्री दाखवल्यावर गप्प झाला. फोटो राहू दे म्हटलं, पण खाली नाव आणि नंबर. स्टिकरचे साडेतीनशे मीच दिले.

कोर्टाची_पायरी: निदान वापराची परवानगी लिहून तरी दिलीत का, किती दिवसांची ते?

ढेबेवाडीकर: नाही. चहा घेतला. आजच एकाचा फोन आला, बारशाचं विचारत होता. फक्त स्टिकरवाल्यानं ‘ढेबेवाडीकर’ मधला ‘ढे’ चा ‘दे’ केलाय.